गल्लीतल्या एकसष्ट जणी

भोजराज मुन्शींनी चौदा नंबरच्या दाराची कडी तिसऱ्यांदा वाजवली आणि वही डाव्या काखेतून उजव्या काखेत घेतली. तांबड्या फडक्यात बांधलेली ती जाडजूड वही सरकारी होती, त्यामुळे हात कितीही अवघडले तरी ती खाली ठेवायचा प्रश्नच नव्हता.

"घरात कोणी नाही," आतून आवाज आला.

"तुम्ही आहात ना, बेबे."

"मी म्हणजे कोणी नव्हे. पुतण्या विटांच्या कामावर गेलाय. तो आला की ये."

"काम तुमच्याशीच आहे. तुमचं नाव हवंय."

दार चार बोटं उघडलं. फटीतून पांढरी ओढणी आणि एक डोळा दिसला.

"लाज नाही वाटत? तुझ्या आईच्या वयाची बाई मी. आणि गेल्या वर्षी लिहून नेलंस ना? ह्यांची बायको म्हणून? मग आता काय झालं? ते वारले म्हणून मी दुसऱ्या कोणाची झाले की काय?"

समोरच्या ओट्यावर मोहरीची भाजी निवडत बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दार बंद झालं. चौदा नंबरचं दार बंद झालं, म्हणजे गल्लीतली बाकीची सदतीस दारंही बंद झाली, हे मुन्शींना पुरतं ठाऊक होतं. या गल्लीत पान हलायचं ते बेबेला विचारून.

चूक मुन्शींचीच होती आणि तीच त्यांना आतून खात होती. फरिदाबादच्या या नव्या वसाहतीत पहिली मतदारयादी करायची म्हटल्यावर लोकांनी आपण होऊन त्यांचं नाव सुचवलं होतं. फाळणीआधी बन्नूच्या कचेरीत एकतीस वर्षं मुन्शी, अक्षर मोत्यासारखं, अजून काय हवं? त्यांनी अडतीस घरांची गल्ली एका दुपारात लिहून काढली होती. पुरुषांची नावं विचारली, वयं विचारली, आणि बायकांच्या ओळीत सभ्य माणसाने लिहावं तसं लिहिलं: गुरदासची बायको, खेमचंदची आई, लद्धारामची सून. परक्या बाईला तिचं नाव विचारायचं नसतं, आणि बाईने ते सांगायचं नसतं. सरहद्दीवरच्या त्यांच्या माणसांत हे लहान मुलालाही ठाऊक होतं. एवढंच काय, स्वतःच्या घराच्या ओळीत त्यांनी 'भोजराजची बायको' असं लिहिलं होतं. लिहिताना टाक क्षणभरही अडखळला नव्हता.

परवा तहसिलीतून माथुर नावाचा तरुण अधिकारी आला होता. त्याने वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि मग टेबलावर दोन बोटं वाजवत म्हणाला, "मुन्शीजी, 'अमक्याची बायको' नावाचा मतदार कायद्याला माहीत नाही. नाव नसेल तर ओळ कापली जाईल. तुमच्या गल्लीत अशा एकसष्ट आहेत. बारा दिवस देतो."

"साहेब, आमच्यात बायका नाव सांगत नाहीत."

"मग आमच्यात त्या मत देणार नाहीत," माथुर म्हणाला. तसा तो वाईट माणूस नव्हता. स्वातंत्र्याला चौथं वर्ष लागलं होतं, निवडणूक तोंडावर आली होती, आणि त्याच्या टेबलावर अशा वह्यांची चळत होती.

एकसष्ट ओळी आपल्या हाताने लिहिल्या आणि आता त्या आपल्याच चुकीने कापल्या जाणार, या विचाराने मुन्शींची झोप उडाली. त्यांच्या आयुष्यात अभिमान बाळगावा असं फार काही उरलं नव्हतं. घर गेलं, बाग गेली, थोरला भाऊ वाटेत गेला. राहिली होती ती बंडीच्या आतल्या खिशातली एक पावती. बन्नू सोडायच्या दिवशी बाकीचे लोक कचेरीला कुलूपसुद्धा न लावता पळाले. मुन्शींनी मात्र चारशे सोळा फायलींची यादी केली, नव्या मुन्शीच्या हवाली केली आणि त्याची सही घेतली. गल्लीतले लोक थट्टा करायचे की सगळे दागिने घेऊन आले, हा पावती घेऊन आला. मुन्शी हसायचे. पण एकतीस वर्षांत आपल्या हातून एक कागद हरवला नाही, हे ते कोणालाही, कधीही सांगायला तयार असत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. या वेळी बेबेने दार पूर्ण उघडलं, पण उंबरा ओलांडला नाही.

"बस," तिने बाहेरच्या खाटेकडे बोट दाखवलं. "तुला एक सांगते, मग पुन्हा विचारायला येऊ नकोस. बन्नूतही एक जण आला होता वही घेऊन. गोड बोलायचा. घरात माणसं किती, बायका किती, मागचं दार कोणत्या बोळात उघडतं, सगळं लिहून घेतलं. रेशनसाठी आहे म्हणाला. मीच त्याला ताक दिलं. चौथ्या दिवशी मागच्या दाराशी माणसं उभी होती. मागचं दार कुठे आहे, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही."

बेबेचा नवरा गुरदास कसा गेला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ताकाची गोष्ट त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली.

"ही वही तसली नाही, बेबे."

"तोही तसंच म्हणाला होता."

"नाव कापलं जाईल."

"कापू दे. एवढं कापलं गेलं, त्यात एक ओळ."

घरी येऊन मुन्शींनी वही कोनाड्यात ठेवली आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. त्यांची बायको उन्हात बसून लोकर गुंडाळत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. ती त्यांना 'अहो' म्हणायची, ते तिला 'अगं ए' म्हणायचे, आणि दोघांचं काही अडलं नव्हतं.

"बेबेने घालवून दिलं वाटतं," ती म्हणाली.

"घालवून दिलं नाही. पण तिचं तरी काय चुकलं? मी उद्या साहेबाला सांगतो, होत नाही."

"साठ जणींचं होत नाही म्हणून सांगाल. एकसष्टावीचं काय सांगणार?"

मुन्शी थांबले. ती लोकर गुंडाळतच होती.

"तुमच्याच वहीत तुमच्याच बायकोचं नाव नाही, हे साहेबाने पाहिलं का?"

"मी कसं लिहिणार? बाहेरच्या माणसांनी वाचायची वही ती."

"तुम्ही लिहू नये, आम्ही बोलू नये. मग लिहायचं कोणी?" तिने धागा दातांनी तोडला. "अहो, नाव तोंडाने घ्यायचं नाही असंच आहे ना? हाताने लिहायचं नाही, असं कोणी सांगितलंय?"

मुन्शी तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या माणसांत पुरुष उर्दू शिकायचे, कचेरीत जायचं म्हणून. मुली धर्मशाळेत, म्हणजे गुरुद्वारात, गुरुमुखी शिकायच्या, पोथी वाचायची म्हणून. नवऱ्याला बायकोची लिपी येत नसे आणि बायकोला नवऱ्याची. मुन्शी दौऱ्यावर असले की घरी पत्र पाठवायचे, ते शेजारचा कोणीतरी तिला वाचून दाखवायचा, आणि तिचं उत्तर त्यांना दुसराच कोणीतरी. साहजिकच त्या पत्रांत गाईगुरांपलीकडे काही नसायचं. पण लिहिता तर बायकांना येत होतं. अर्ध्या गल्लीला येत होतं.

"बेबे ऐकेल?"

"ते मी बघते. पण ती वही बघितल्याशिवाय ऐकायची नाही. दुपारी पाठाला बसतो तेव्हा घेऊन या."

रोज दुपारी बेबेच्या अंगणात बायका पोथीच्या पाठाला जमत. दारावर गोणपाटाचा पडदा असे, आणि पुरुषांनी पलीकडे यायचं नाही असा नियम. मुन्शी पडद्याबाहेर खाटेवर बसले.

"वाच," बेबे म्हणाली. "पहिल्या पानापासून. काही गाळलंस तर तुझी बायको इथे बसलीय, तिला कळेल."

मुन्शींनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. घर नंबर एक, दोन, तीन. आतून अधूनमधून शेरे येत होते.

"पस्तीस वर्षं? सहा वर्षांपूर्वीपण पस्तीसच होती ती."

"तू तुझं बघ. तुझ्या नवऱ्याने बापाचं नाव तरी बरोबर सांगितलंय का?"

मुन्शी वाचत राहिले. चौदा नंबर आला तेव्हा त्यांनी 'गुरदासची बायको' हे शब्द जरा हळू वाचले. मग आणखी चोवीस घरं झाली, गल्ली संपली. मुन्शींनी पान उलटलं आणि पुढचं वाचलं, "रहमतुल्ला, बाप फत्ता, वय पंचेचाळीस. रहमतुल्लाची बायको, वय चाळीस."

"थांब," बेबे म्हणाली. "हा आपला तंदूरवाला रहमत?"

"तोच." गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या रोट्या जिथे भाजल्या जायच्या, तो तंदूर रहमतनेच घडवला होता. इथलाच जुना कुंभार, फाळणीतही कुठे गेला नव्हता.

"तो आपल्या वहीत कसा?"

"वही एकच आहे, बेबे. इंग्रजांच्या वेळी दोन असायच्या. आपली वेगळी, त्यांची वेगळी. दोन्ही मीच लिहायचो, म्हणून सांगतो. आता एकच. घर ज्या ओळीत येतं, त्या ओळीत नाव."

"आणि कोण कुठल्या धर्माचा, ते कुठे लिहितोस?"

"लिहीत नाही. तसा रकानाच नाही."

"दाखव."

"उर्दूत आहे. तुम्हाला वाचता यायचं नाही."

"रकाने मोजता येतात मला."

पडद्याखालून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. मुन्शींनी वहीकडे पाहिलं. कचेरीचं दप्तर आजवर त्यांनी साहेबाशिवाय कोणाच्या हातात दिलं नव्हतं, आणि दिलं तेव्हा पावती घेतली होती. त्यांनी वही पडद्याखालून आत सरकवली. आता हातात काही नव्हतं, तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"एक, दोन," बेबे बोटाने मोजत होती. "सहा. कसले ते सांग."

"ओळीचा नंबर. घराचा नंबर. नाव. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. पुरुष की बाई. वय."

"सातवा नाही."

"सातवा नाही, बेबे."

मग बेबेचा आवाज आला, पण तो मुन्शींसाठी नव्हता.

"रहमतच्या बायकोचंही नाव नाहीच म्हणजे यात. तिचीही ओळ जायची. जा गं कोणीतरी, बोलावून आणा तिला. हात मातीचे असतील तर तशीच ये म्हणावं."

पडदा बाजूला सारून एक मुलगी कुंभाराच्या घराकडे पळाली.

"मुन्शी, कागद आहेत?"

"आहेत. पंधरा आहेत, नंबर घालून आणलेत." नंबर बायकोने सांगितलं म्हणून नव्हे, तर कोरा कागदही नंबर घातल्याशिवाय द्यायचा नाही, या सवयीने घातले होते.

"दे. आम्ही तोंडाने काही सांगणार नाही. आमचं नाही आणि ह्यांचंही नाही. हाताने लिहू. जिला येत नाही तिने माझ्या कानात सांगायचं." मग तिचा आवाज जरा चढला. "चार वर्षं होत आली, जो येतो तो आपल्याला निर्वासित म्हणतो. ते नाव तरी आपण कुठे सांगितलं होतं कोणाला? या घरांच्या विटा आपण डोक्यावरून वाहिल्या. लिहा गं पोरींनो. अक्षर नीट काढा, सरकारला वाचायचंय."

मुन्शींना पडद्याबाहेर फक्त बोरूंची करकर ऐकू येत होती. मध्येच कोणीतरी नाक ओढलं. कोणीतरी हळूच हसली आणि म्हणाली, "माझं मलाच आठवेना गं, किती वर्षांनी." मुन्शींचे डोळे भरून आले. आपल्या माणसांचा एवढा अभिमान त्यांना बन्नू सुटल्यापासून कधी वाटला नव्हता, आणि तो दाखवायला समोर गोणपाटाखेरीज कोणी नव्हतं.

कागद घरी आले तेव्हा अर्थातच त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बसून बायको वाचू लागली आणि ते वहीत उतरवू लागले. रामदित्ती. ईशरदेवी. परमेश्वरी. मूलां. वर्षानुवर्षं ज्यांना केवलची आई, खेमचंदची सून म्हणून ओळखलं, त्या एकेक करून ओळीत येऊन बसत होत्या. नवऱ्यांची नावं ती सहज वाचत होती, दुसऱ्यांच्या नवऱ्यांना तिची काही हरकत नव्हती.

"घर चौदा. हुकमदेवी."

मुन्शींनी टाक थांबवला. "हुकमदेवी?"

"दुसरं काय असणार?"

दोघंही हसली. मग ती म्हणाली, "हे पुढचं बेबेच्याच हातचं आहे. रहमतची बायको. बशीरन." मुन्शींनी तेही लिहिलं. ही गल्लीबाहेरची, एकसष्टांत न धरलेली, पण ओळ तिचीही वाचली.

दुपार कलली तेव्हा गल्लीतल्या साठ ओळी पुऱ्या झाल्या. राहिला होता पंधरावा कागद. तिने तो मांडीवर उलटा ठेवला होता.

"वाच."

"यात काय वाचायचं? तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे ते लिहायचं नसतं. समोर वाचलं जातं ते लिहायचं. एकतीस वर्षं तसंच केलंय."

"मी नाही वाचणार," ती म्हणाली. "निम्मं वाचेन. उरलेलं निम्मं मी आजवर कधी उच्चारलं नाही, आता नाही उच्चारणार."

तिने कागद सुलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. कोऱ्या कागदाच्या मधोमध एकच ओळ होती, शेजारी शेजारी दोन शब्द. शाई दुसऱ्या शब्दावर जरा जास्त गडद होती, तिथे बोरू पुन्हा बुडवला असावा. मुन्शी ती अक्षरं बघत राहिले. एका पावतीवर, हजारो कागदांच्या तळाशी, उर्दूत, इंग्रजीत त्यांनी आपलं नाव लिहिलेलं पाहिलं होतं. हे मात्र त्यांना वाचता येत नव्हतं.

"यातला मी कुठला?" त्यांनी विचारलं.

तिने गडद शब्दाखाली बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

मुन्शींनी टाक दौतीत बुडवला. मग कचेरीत फिर्यादीला पुकारायचे तसे ताठ बसले आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव मोठ्याने म्हणाले.

"वीरांवाली. घर नंबर एकवीस. हजर आहे?"

तिने ओढणी कपाळावर ओढली. गल्लीत कोणी ऐकलं असेल का, हे तिने पाहिलं नाही.

"हजर," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी मुन्शी तहसिलीत गेले. माथुरने प्रत्येक ओळीवर बोट फिरवत एकसष्ट मोजल्या, मग कुंभाराची मिळून बासष्ट. तो खुर्चीत मागे टेकला.

"जिल्ह्यात एवढी पुरी गल्ली कोणाची झालेली मी पाहिली नाही, मुन्शीजी. कसं केलंत?"

"मी काही केलं नाही, साहेब. त्यांनी लिहिलं."

"मग ते त्यांचे कच्चे कागद पुरावा म्हणून वहीला जोडायला हवेत." त्याने चळत घेतली, कडा सारख्या केल्या आणि कोपऱ्यातले नंबर पाहिले. "हे चौदाच आहेत. तुम्ही स्वतः वर 'एकूण पंधरा' लिहिलंय."

"एक हरवला, साहेब."

माथुरने मान वर केली. बन्नूच्या पावतीची गोष्ट त्यानेही दोनदा ऐकली होती.

"तुमच्याकडून?"

"माणसाच्या हातून हरवतो कधीतरी कागद."

"बरं, शेरा लिहा तसा. त्यावर काय होतं, तेही लिहावं लागेल."

मुन्शींनी टाक उचलला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: पंधरा नंबरचा कागद गहाळ. त्यावर एका बाईचं आणि एका पुरुषाचं नाव होतं. खाली सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून घरी निघाले.